शेतीच्या धबडग्यात पुन्हा लिहितं व्हायचं तर

वही खिशात मावेल एवढीच घ्या. जाडजूड, देखणी डायरी कपाटातच पडून राहते. सोबत पेन्सिल किंवा बॉलपेन. जेलपेनाची शाई ओल्या हाताने फिसकटते. दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

वेगळा वेळ काढायला जाऊ नका, तो निघत नाही. रोजच्या एखाद्या कामाला लिखाण जोडा: धार काढून झाली की, किंवा मोटार चालू करून पाणी शेवटच्या सरीला पोचेपर्यंत. 10 मिनिटं, 5 ओळी, बस्स. रात्री जेवणं उरकल्यावर लिहू म्हटलं की डोळे मिटतातच.

सुरुवातीला भावनांच्या मागे लागू नका. तारीख टाका आणि पाहिलेलं एक काहीतरी लिहा. ‘आज खूप काम झालं’ ही ओळ महिन्याने वाचली तर काहीच आठवत नाही. ‘वासरू आज स्वतःहून पेंड चाटायला आलं, नाकाला भुसा चिकटलेला’ एवढ्यावरून अख्खी सकाळ उभी राहते.

हिशेब, मजुरी, फवारणीच्या तारखा दुसऱ्या वहीत. एकत्र ठेवलं की घरातलं कुणीही वही उघडतं, मग लिहिताना हात आखडतो. ही वही खासगी आहे, हे घरात आधीच सांगून टाकलेलं बरं.

सुगीत खंड पडणारच. राहिलेले दिवस भरून काढायच्या फंदात पडू नका. बहुतेकांचं लिखाण तिथेच थांबतं. कोरी पानं न सोडता सरळ आजची तारीख घाला. मोठं काही लिहायचं असेल तर कामं विरळ झाल्यावर जुन्या ओळींतली एक निवडा आणि तिच्यावरच पानभर लिहा.