संगणक कक्षात कळमना बाजार: एमबीएचा तास खऱ्या आकड्यांवर कसा घ्यावा

‘अध्यापनात तंत्रज्ञान वापरा’ असं परिपत्रक आलं की बहुतेक जण प्रोजेक्टर लावतात आणि साठ स्लाइड वाचून दाखवतात. पोरं फोटो काढतात आणि विसरतात. मी बरीच वर्षं मागणीचा अंदाज आणि भावातला चढउतार नागपूरच्या कळमना या घाऊक बाजारातल्या संत्र्यावर शिकवतो. नागपूरच्या वर्गात निदान चार जणांच्या घरी बाग असते, त्यामुळे मास्तरांची चूक पकडली जाते.

आधी दोन तासांसाठी संगणक कक्ष मिळवा. एका संगणकावर दोघंच बसवा, तिसरा हमखास मोबाइल काढतो.

मग ग्रंथपालांना गाठा. सरकारी विद्यापीठांना जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून हजारो नियतकालिकं खुली आहेत. संलग्न खासगी महाविद्यालय असेल तर इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या ‘एन-लिस्ट’ या ई-नियतकालिकांच्या सेवेसाठी लॉगिन मागा. तासाच्या दिवशी सकाळी नव्हे, आठवडाभर आधी. महागडा डेटाबेस नाही म्हणून रडणाऱ्यांनी निदान शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवरचे कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडावेत. ते फुकट आहेत.

आकड्यांसाठी केंद्र सरकारचं बाजारभावांचं संकेतस्थळ ‘अ‍ॅगमार्कनेट’. जिन्नस, राज्य, बाजार निवडा, दोन वर्षांच्या भावांची फाईल डाउनलोड करा. किमान, कमाल आणि मोडल असे तीन भाव दिसतील, रुपये प्रति क्विंटल. मोडल घ्या: ज्या भावाला जास्तीत जास्त माल विकला गेला तो.

आता तारीख. इथे माझी एकदा भर वर्गात फजिती झाली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आपल्याकडे ०५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर. कक्षातल्या संगणकांची भाषा मात्र बहुधा अमेरिकी इंग्रजीवर असते. सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) डबल क्लिक करून उघडली की एक्सेल न विचारता ती तारीख ११ मे करतं. १३ तारखेपासून पुढचे दिवस त्याला महिना म्हणून वाचता येत नाहीत, ते नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. म्हणजे अर्धी फाईल चुकीची, अर्धी मुकी, आणि पडद्यावर सगळं ठाकठीक! मी त्यावर आलेख काढला आणि मे-जूनमधल्या भावाचं कारण समजावू लागलो. काटोलकडचा एक पोरगा उठला: ‘सर, अंबिया तं जानेवारीत सरते, मृग एप्रिलात. मे मधे संत्रा कुठून आनला जी?’ अंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासूनचा माझा नियम: सीएसव्ही कधीही डबल क्लिक करून उघडायची नाही. रिकामी एक्सेल फाईल उघडा, ‘डेटा’मधून फाईल आत घ्या आणि डेटाचा प्रकार ओळखू नकोस असं त्याला सांगा, म्हणजे तारखा मजकूर म्हणूनच येतील. मग तारखेचा स्तंभ निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’, तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ आणि शेजारी ‘डीएमवाय’, म्हणजे दिवस-महिना-वर्ष. झालं की स्तंभाकडे नजर टाका: खरी तारीख आपोआप उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकही तारीख डावीकडे दिसली तर पुढे जाऊ नका.

‘संगणकाची सेटिंग बदला की’ असं सुचवणारे भेटतील. आमच्या कक्षात यंत्र पुन्हा सुरू केलं की सगळ्या सेटिंग पूर्ववत होतात. आणि तयार, स्वच्छ फाईल वाटण्याचा मोह तर अजिबात नको. उद्या नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात या पोरांना अशीच घाण फाईल मिळणार आहे. हे काम त्यांच्याच हातून होऊ द्या, चाळीस मिनिटं गेली तरी.

भावही मजकूर म्हणूनच आलेले असतात, तो स्तंभ आधी आकड्यांत बदलून घ्या. मग पिव्होट टेबल (आकडे गटवार गोळा करणारा तक्ता), महिनावार सरासरी, आलेख: पंधरा मिनिटांत होतं.

शेवटी एकच प्रश्न: डिसेंबरात दहा टन संत्रा हाती आहे, किती दिवस थांबाल? चर्चेआधी प्रत्येकाकडून गूगल फॉर्मवर एक आकडा आणि एका ओळीत कारण घ्या, नाहीतर दोन बडबडे बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. उत्तरं पडद्यावर लावा. सगळ्यात मोठा आकडा ज्याचा, त्याला आधी उभं करा आणि शीतगृहाचं भाडं आणि सडलेला माल धरला होता का, ते विचारा.