बाळाच्या वाढीची रेघ कशी काढावी आणि कशी वाचावी

गणपतीत चाकरमानी गावी आले की घरातल्या लहान मुलावर शेरे सुरू होतात. 'गेल्या वर्षीपेक्षा सुकलाय', 'बाळसं काही धरत नाही', 'वरच्या वाडीतला त्याच्याच वयाचा, पण केवढा दिसतो बघ!' आईच्या जिवाला घोर लावण्यापलीकडे या शेऱ्यांचा काही उपयोग नाही. मूल नीट वाढतंय का हे एका दिवसाच्या नजरेला कळत नाही आणि एका वजनालाही कळत नाही. दर महिन्याला एक ठिपका आणि ठिपके जोडून तयार होणारी रेघ, एवढंच त्याचं खरं उत्तर देतं. ही रेघ काढायला पैसे लागत नाहीत, नेम मात्र लागतो. जन्मापासून पाच वर्षांपर्यंत ती कशी सांभाळायची ते पाहू.

कार्ड आणि जन्मतारीख

गरोदरपणी मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड हा सगळ्याचा पाया. त्यावर जन्मतारीख आणि जन्माचं वजन स्पष्ट लिहिलं आहे का, हे दवाखान्यातून निघण्याआधी पाहा. वय एका महिन्याने चुकलं तर पहिल्या वर्षातला ठिपका भलत्याच जागी पडतो, मग काटा कितीही अचूक असून उपयोग नाही. वय पूर्ण झालेल्या महिन्यांत धरायचं. पाच महिने वीस दिवसांचं बाळ पाच महिन्यांचंच.

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर जितके आठवडे लवकर आलं तितके वयातून वजा करायचे, आणि हे दोन वर्षांचं होईपर्यंत करायचं. ३४व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या वयातून दीड महिना कमी होतो. हे न केल्यामुळे कितीतरी चांगली वाढणारी बाळं कागदावर उगाच कुपोषित ठरतात.

आपल्याकडे कार्ड हरवण्याची एक खास वेळ असते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तीन-चार महिन्यांनी आई सासरी येते, पुढे कुटुंब मुंबईला किंवा पनवेलला जातं. दर वेळी अंगणवाडी बदलते आणि रेघ तुटते. म्हणून कार्डाच्या वाढीच्या पानाचा फोटो दर महिन्याला मोबाइलमध्ये काढून ठेवा. निघताना अंगणवाडीच्या ताईंना सांगा, म्हणजे पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपमधली बाळाची नोंद नव्या ठिकाणी जोडता येते.

वजन

अंगणवाडीत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी वजन होतं. शक्य तोवर तोच काटा, तीच वेळ, अंगावर अगदी कमी कपडे. पावसाळ्यात हे जास्त पाळावं लागतं, कारण ओलसर झबलं, कानटोपी आणि ओला लंगोट मिळून बऱ्याच ग्रॅमचा फरक पडतो. काटा शून्यावर आहे का ते आधी पाहा. ताईंना तसं विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

घरच्या उभ्या काट्यावर आधी आईने एकटीने, मग बाळाला घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, ही रीत बऱ्याच घरांत आहे. मोठ्या मुलासाठी ती चालेल. पण दुसऱ्या वर्षात मूल महिन्याला साधारण २०० ग्रॅमच वाढतं, आणि अशा काट्याच्या दोन वजनांतली चूक मिळून तेवढीच होऊ शकते. त्या आकड्यावरून ना खूश व्हावं, ना घाबरावं.

लांबी-उंची

माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. सगळे वजन विचारतात, उंची कुणी विचारत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी झोपवून मोजायची असते. त्यासाठी फळी लागते आणि दोन माणसं लागतात: एकाने डोकं वरच्या पाटीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळव्याला पाटी लावायची. हे अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रातच करून घ्यावं. दोन वर्षांनंतर उभं करून उंची घेतात. तेच मूल झोपवून मोजलं तर सुमारे ०.७ सेंटीमीटर जास्त भरतं, म्हणून कोणत्या रीतीने मोजलं ते लिहून ठेवा.

दोन वर्षांवरच्या मुलाची उंची घरीही घेता येते. सपाट भिंत हवी. खडबडीत चिऱ्याची नको, गिलावा केलेली बघा. टाचा, कुल्ले, खांदे भिंतीला टेकवा, नजर समोर ठेवा, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून पेन्सिलीने खूण करा. दिवसभरात माणसाची उंची किंचित कमी होते, म्हणून नेहमी सकाळीच मोजावी. घरी मोजण्याची ही परंपरा फार जुनी आहे. फ्रान्समधल्या काउंट द मोंबेयार यांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७ पर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी मोजून लिहिली. एका मुलाच्या वाढीची अशी सलग नोंद त्याआधीची सापडत नाही.

उंचीवर एवढा जोर देण्याचं कारण पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो दिसलं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी मात्र बरीचशी टिकून होती. म्हणजे बारीक दिसणारं बाळ आतून बारीक असतंच असं नाही. अशा मुलाला बिस्किटं आणि साखर-दूध देऊन घाईने गुबगुबीत केलं की वजन चढतं, उंची मागेच राहते. दोन्ही रेघा शेजारी ठेवून पाहिल्या तरच हे दिसतं.

ठिपका, आणि मग रेघ

मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. आडव्या ओळीवर वय, उभ्या ओळीवर वजन. दोन्ही जिथे मिळतात तिथे ठिपका द्या आणि मागच्या ठिपक्याला जोडा. हिरवा पट्टा ठीक, पिवळ्यात वजन वयाच्या मानाने कमी, नारिंगीत फार कमी.

तक्त्यावरचे हे छापील वक्र, म्हणजे वळणदार रेघा, कुठून आले ते प्रत्येक आजीला सांगण्यासारखं आहे, कारण 'आमच्याकडची पोरं अशीच किरकोळ' हे वाक्य कोकणातल्या घराघरांत ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात दिल्ली, ओस्लो, मस्कत, आक्रा, ब्राझीलमधलं पेलोतास आणि अमेरिकेतलं डेव्हिस अशा सहा ठिकाणी सुमारे साडेआठ हजार मुलांच्या वाढीचा अभ्यास केला. अंगावर पाजणाऱ्या, धूम्रपान न करणाऱ्या आणि खाण्यापिण्याची ददात नसलेल्या घरांतल्या आयांची ही मुलं. त्यांच्या लांबी-उंचीत देशादेशांतला फरक अगदी थोडा निघाला. एकाच गावातल्या दोन मुलांत त्याहून कितीतरी जास्त फरक होता. त्यावरून २००६ साली हे तक्ते प्रसिद्ध झाले. पोषण आणि निगा मिळाली तर दिल्लीचं मूल ओस्लोच्या मुलासारखंच वाढतं, मग देवगडचं किंवा गुहागरचं का नाही वाढणार?

आता वाचन. रेघ छापील वक्राला समांतर वर जात असेल तर मूल हिरव्या पट्ट्याच्या तळाशी असलं तरी बहुधा ठीक आहे. आईबाप ठेंगणे असतील तर मूल खालच्या वक्रावर चालेल, त्यात काळजी नाही. उलट हिरव्याच्या मधोमध असलेलं मूल सलग दोन महिने आडवं चालू लागलं, तर रंग हिरवा असूनही कारण शोधायला हवं. रेघ खाली वळली तर त्याच आठवड्यात दाखवा. वजनाचा वेग वयाबरोबर मंदावतो हेही ध्यानात असू द्या. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पाचव्या महिन्याच्या आसपास जन्मवजनाच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट, आणि पुढच्या अख्ख्या वर्षात फक्त दोन-अडीच किलो. वाढदिवसानंतर 'पूर्वीसारखा खात नाही' ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

पावसाळ्याचे महिने

कोकणात रेघ अडखळते ती बहुतेक मिरगानंतर. लावणीला आई चिखलात, बाळ घरी म्हाताऱ्या माणसांकडे, अंगावरचं पाजणं कमी, विहिरीचं पाणी गढूळ, त्यात जुलाब आणि ताप. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात, केनेबा गावात, १९४९ पासून चाललेल्या संशोधनात हेच दिसलं: पावसाळ्यात शेतीची कामं वाढतात, धान्य संपत आलेलं असतं, त्या काळात बाळं कमी वजनाची जन्मतात आणि लहान मुलांची वाढ मंदावते. म्हणून मे महिन्याचा ठिपका चुकवू नका. तो हाती असला की जुलै-ऑगस्टमध्ये किती घसरण झाली आणि दसऱ्यापर्यंत ती भरून आली का, हे कळतं. नसेल आली तर दिवाळीची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

जुलाब लागले की पहिल्या जुलाबापासून ओआरएस, अंगावरचं दूध चालूच, आणि झिंक पूर्ण १४ दिवस: सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यावर २०. जुलाब थांबले तरी झिंक मध्येच सोडायचं नाही. आजारपणानंतर दोन आठवडे रोज एक खाणं जास्त द्या.

आणि पेज. सहा महिन्यांनंतर बाळाला वरची निवळ पाजायची रीत अजून आहे, मायेने पाजतात, पण त्यात पाणीच जास्त. आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावतं. ती वाटी पाण्याने भरली तर वाढ कशातून होणार? चमचा कलता केला तरी अन्न चटकन ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. मऊ भातात कुळथाची पिठी, वर चमचाभर तूप किंवा खोबरेल. नाचणीचं सत्त्व द्यायचं तर दुधात आणि घट्ट. अंडं आणि मासळीही सहा महिन्यांनंतर सुरू करता येते. ती उशिरा दिल्याने ॲलर्जी टळते असं संशोधनात दिसलेलं नाही. तारली, बांगडा काटे नीट काढून कुस्करून द्या. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात पारा साठतो, तो लहानांच्या ताटात नको.

बसणं, उभं राहणं, चालणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात सहापैकी पाच देशांतल्या मुलांच्या हालचालीही नोंदल्या होत्या. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. ही महिन्यांची खिडकी किती रुंद आहे पाहा: नवव्या महिन्यात चालणारं मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारं मूल, दोन्ही ठीक. हात-गुडघ्यांवर रांगणं काही मुलं करतच नाहीत, थेट उभी राहतात. मूल ज्या महिन्यात बसलं, उभं राहिलं, चाललं तो महिना कार्डाच्या कडेला लिहून ठेवा. चाकांचा वॉकर घेऊ नका. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि पडवीच्या पायऱ्या, खळं आणि विहीर असलेल्या घरात तो धोक्याचाच.

खिडकी उलटून गेली, मूल आवाजाकडे वळत नाही, नजर देत नाही, किंवा येत असलेली गोष्ट विसरलं, तर 'होईल हळूहळू' म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच किनाऱ्यावरच्या पालघरमधून झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. तारीख ताईंकडून आधी विचारून घ्या आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पुढच्या तपासणीसाठी पथक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं.

थेट दवाखान्यात कधी

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर बोटाने दाबल्यावर खळगा राहिला, तर त्याच दिवशी. पाय सुजलेल्या मुलाचं वजन पाण्यामुळे बरं दिसतं, तेव्हा काट्यावर विसंबू नका. दंड ११.५ ते १२.५ असेल तर ताईंशी बोलून ग्राम बाल विकास केंद्राची आणि जास्तीच्या आहाराची चौकशी करा. जाताना कार्ड बरोबर न्या. डॉक्टरांना आजच्या वजनापेक्षा मागच्या सहा ठिपक्यांवरून जास्त कळतं.

पाच वर्षांनंतर तक्ता बदलतो. भारतीय बालरोग संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांसाठी वेगळे तक्ते दिले आहेत; बालरोगतज्ज्ञांकडून त्याची प्रत मागून घ्या आणि पुढे दर सहा महिन्यांनी वजन-उंची त्यावर मांडत राहा.