एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिसच्या) तपासण्यांत या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचा डावा डोळा दुखायला लागला. बुबुळ हलवलं की कळ यायची. कुंकवाचा करंडा हातात धरून विचारायची, "दादा, हे विटकरी काऊन दिसते?" तीन आठवड्यांत डोळा आपोआप सुधारला आणि आम्ही ते विसरलो. यंदा पाय बधिर झाले तेव्हा नागपूरच्या मेंदूतज्ज्ञांनी विचारलं, "याआधी कधी काही झालं होतं?" आई म्हणाली, "नाही जी."

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. मल्टिपल स्क्लेरोसिस ठरवणारी एकच एक रक्ततपासणी नाही. यात मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरचं आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती खराब करते. ते वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी झालं की नाही, हे डॉक्टर मॅकडोनाल्ड निकषांवर पडताळतात. हे निकष २००१ साली आले, पुढे अनेकदा सुधारले. म्हणून बऱ्या झालेल्या दुखण्याची तारीखसुद्धा सांगा.

दुसरी चूक कंबरेच्या एमआरआयची. पाय बधिर म्हणजे मणका, असं धरून आमच्या तालुक्याच्या गावी कंबरेचाच एमआरआय काढला. रिपोर्ट नॉर्मल! मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या मण्यांपाशीच संपतो, तर खाली एमएसचे डाग दिसणार कुठून? मेंदू, मान आणि पाठ पाहावी लागते, बहुधा कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचं औषध) देऊन. उलटही होतं. रिपोर्टात पांढरे डाग दिसले की घरात रडारड. पण तसे डाग मायग्रेन, बीपी किंवा वाढत्या वयातही असतात. डाग कुठे आहे, कसा आहे, हे डॉक्टरांना पाहू द्या. नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी सोबत न्या.

"कमजोरी आहे" म्हणत बी-१२ची इंजेक्शनं आधी टोचून घेऊ नका, रक्त आधी द्या. बी-१२ कमी असलं तरी पाय असेच बधिर होतात. स्टेरॉइड घेतलं असेल तर कधी आणि किती, ते लिहून न्या. त्यानं एमआरआयचं चित्र बदलू शकतं. भंडारा-गोंदियाकडच्यांनी लाखोळीची डाळ खात असल्यास लाजू नका. महिनोन्महिने तीच पोटात गेली तर पाय ताठरतात. टीबीचा इतिहासही सांगायचा.

पाठीतलं पाणी काढलं की लकवा होतो, हे आमच्याही पारावर ऐकलं. सुई मज्जारज्जूच्या खाली जाते. डोकं दुखू शकतं, एवढंच बहुतेकांना होतं. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड्स (प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांच्या पट्ट्या) आहेत का ते बघतात आणि ताडून पाहायला त्याच वेळी रक्तही घेतात.

आपल्याकडचा मे महिना वेगळाच घोळ घालतो. उन्हात जुनी लक्षणं पुन्हा वर येतात आणि सावलीत उतरतात. तो नवा झटका नव्हे. नवा झटका निदान २४ तास टिकतो, तापाशिवाय.

डोळ्याचा कागद शेवटी जिनिंगच्या पावत्यांच्या पिशवीत सापडला, तारखेसकट. तो पाहून डॉक्टरांनी व्हीईपी ही डोळ्याच्या नसेची तपासणी सांगितली. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होतात आणि डोक्याला लावलेल्या तारा डोळ्याचा संदेश मेंदूत किती वेळात पोचतो ते मोजतात. उजवा डोळा वेळेवर निघाला. डाव्याचा संदेश उशिरा पोचत होता, जरी बहिणीला आता त्या डोळ्यानं सगळं लख्ख दिसत होतं.