डिशवॉशरवर कोड आला? या चुका टाळा

कानबाईच्या रोटांचा, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाचा, रविवार. भावकी जेवून उठलेली, मोरीशी ताटांचा ढीग, आणि दुसऱ्याच फेरीत आमचं डिशवॉशर पोटात पाणी धरून टूं-टूं करत थांबलं. पडद्यावर एक अक्षर, दोन आकडे. शेजारच्या जिजी वाकून बघत म्हणाल्या, "काय वं माय, रुसलं का मशीन?" मी घाईत. बंद-चालू केलं, तोच कोड. पुन्हा बंद-चालू. चौथ्या खेपेला बाही सारून हात थेट त्या काळपट कोमट पाण्यात घातला, आणि तळाला फुटलेल्या ग्लासाची कपची बोटात शिरली.

त्या पाच मिनिटांत मी जवळपास सगळ्याच चुका करून घेतल्या.

पहिली म्हणजे सारखं रीसेट करणं. काहीतरी बिघडलंय हे कळल्यावर मशीन स्वतः थांबतं, तेव्हा हा कोड दिसतो. पाणी बाहेर जात नसताना किंवा गळत असताना आपण ते पुन्हा चालू केलं, की ते आणखी पाणी घेऊ शकतं. त्यामुळे आधी मोबाइलवर कोडचा फोटो काढा, कारण बंद केल्यावर तो बऱ्याचदा निघून जातो. मग कोरड्या हाताने भिंतीवरचं बटण बंद करा आणि पाण्याचा नळही बंद करा. पाणी सॉकेटपर्यंत पसरलं असेल तर त्या बटणाच्या वाटेला जाऊ नका, मेन बोर्डवरून एमसीबी पाडा. दार लगेच सताड उघडू नका. गरम प्रोग्रॅममध्ये आतलं पाणी ६५ ते ७० अंशांपर्यंत जातं आणि वाफ थेट तोंडावर येते. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. नंतर फरशी कोरडी असेल तर एकदा, फक्त एकदा, चालू करून बघायला हरकत नाही.

आतलं पाणी मगाने किंवा स्पंजने काढायचं, रबरी मोजे घालून. काचेचं तर मी भोगलंच, पण डिशवॉशरची पावडर साध्या साबणापेक्षा बरीच तीव्र क्षारयुक्त असते. त्वचेची आग होते, डोळ्यात उडालं तर फारच वाईट. लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

दुसरी चूक, दुसऱ्याच्या मशीनचा अर्थ आपल्या मशीनला लावणं. बॉशच्या बऱ्याच मॉडेलांवर ई-२४ म्हणजे पाणी बाहेर जात नाही, एलजीवर त्याच तक्रारीला ओई दिसतं, आणि एलजीचं आयई म्हणजे पाणी आत येत नाही. आपल्या मॉडेलचं पुस्तक बघा. त्यातही कोड दुखणं सांगतो, कारण नाही. "पाणी जात नाही" यामागे दुमडलेली नळी, तुंबलेली मोरी, भरलेली जाळी किंवा अडकलेला पंप, काहीही असू शकतं.

आमच्याकडे ते काय होतं? गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची बी. सकाळी मी जाळी धुतली होती, पण परत बसवताना फिरवून घट्ट केली नव्हती. जाळी सैल राहिली की खरकटं सरळ पंपात उतरतं. खान्देशी स्वयंपाकात मोहरी, शेंगदाण्याचं कूट, भरताच्या वांग्याची सालं, सगळंच भरपूर, आणि वर तेलाची तर्री. ताट नळाखाली चकाचक धुवायची गरज नाही, पण खरकटं झाडून टाकायलाच हवं. (भरताची लाकडी बडगी मात्र आत कधीच नको, ती तडकते.) नाली मोकळी व्हावी म्हणून मशीनमध्ये ॲसिड ओतणारे लोक मी पाहिलेत. आतली रबरं जातात, आणि ब्लीचशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

सगळ्यात जास्त मस्ती करू नये असा कोड गळतीचा. बऱ्याच मशीनच्या तळाशी एक ताटली असते आणि तिच्यात थर्माकोलचा तरंगता तुकडा. ताटलीत पाणी साचलं की तो उचलला जातो, स्विच दाबला जातो आणि मशीन सगळं थांबवतं. बॉशवर ई-१५ दिसतो तो हाच प्रकार. यावर मोबाइलवर फिरणारा उपाय म्हणजे मशीन तिरपं करून पाणी सांडून टाका. कोड जातो खरा. पण पाणी कुठून आलं ते तसंच राहतं, आणि सांडलेलं पाणी खालच्या वायरिंगवरून जातं. माझं मत स्पष्ट आहे: हा कोड आला की वीज बंद, नळ बंद, मेकॅनिकला फोन. कुठे गळत नसतानाही हा कोड येऊ शकतो. पावडर संपली म्हणून कुणी भांडी घासायचं साधं लिक्विड टाकलं असेल, तर फेस फुगून बाहेर येतो आणि तळात उतरतो. तरीही मेकॅनिकला ते खरं सांगा, लाजू नका.

"पाणी येत नाही" असा कोड आला तर आधी गच्चीवर जा. हसू नका, टाकी रिकामी असते. आपल्याकडे नळ रोज येईलच असं नाही. टाकी भरलेली असेल तर दाबाचा हिशोब करा: दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो, आणि पुष्कळ मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. वरच्या मजल्यावर टाकी मशीनच्या नळापासून दोनच मीटर उंच असेल तर मशीन उपाशीच राहणार. तिथे प्रेशर पंप लावावा लागतो. नाहीतर पाण्याच्या नळीच्या तोंडाची बारीक जाळी काढून बघा. पावसाळ्यात तिच्यात गाळ बसतो.

बोअरच्या जड पाण्याचं दुखणं हळू चढतं. हीटरवर क्षाराचं पुट बसतं आणि मग तापमानाचा कोड येतो. मशीनमध्ये पाण्याच्या जडपणाचं सेटिंग असतं, ते बोअरच्या पाण्याप्रमाणे ठेवा आणि मीठ डिशवॉशरचंच जाड वापरा. जेवणातलं बारीक मीठ आत गोळा होऊन बसतं. मिठाचा नुसता दिवा लागला तर तो बिघाड नव्हे, मीठ भरायची आठवण आहे.

विजेचं एवढंच: १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि चांगलं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड नको, घरगुती इन्व्हर्टरवरही नको. कोडसोबत एमसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळाला की पडणारा स्विच) पडत असेल तर ते पुन्हा वर करू नका. मागचं-खालचं पत्र्याचं झाकण घरी उघडायचं नाही.

मेकॅनिकला फोन करताना दाराच्या कडेवरचा मॉडेल नंबर, कोडचा फोटो आणि मशीन पाणी घेताना थांबलं, धुताना की पाणी सोडताना, एवढं सांगा. आमच्याकडे आलेल्या भाऊने पंपाचं झाकण काढून ती बी माझ्या हातावर ठेवली, "ताई, ही घ्या." तोवर दोन दिवस गेले होते. रोटांची ताटं आम्ही जावा-जावांनी त्याच रात्री मोरीत घासली. मी बोटाला पट्टी बांधून पुसायच्या कामाला.