आभाळ पांढरंफटक पडतंय? या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा सकाळभर फोटो काढले. घरी येऊन उघडले तर कडा बरा, पण वर आभाळाच्या जागी कोरा कागद. कॅमेऱ्यात तर छान दिसत होते! भर उजेडात स्क्रीन अंधुक दिसतो, म्हणून मी एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) वाढवत गेलो होतो. तेव्हापासून स्क्रीनवर भरवसा नाही. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती उजेड आहे त्याचा आलेख, बघायचा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला की आभाळ उडालं, म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं झालं. हायलाइट वॉर्निंगही चालू ठेवा, उडालेला भाग लुकलुकतो.

खरी गोची वेळेची होती. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन त्याच्या पाठीमागून येतं, म्हणजे खडक स्वतःच्याच सावलीत आणि आभाळ लख्ख. एवढा फरक एका फोटोत मावणं अवघड. दुपार कलली की ऊन थेट खडकावर येतं आणि अर्धं काम आपोआप होतं.

दुसरी सवय म्हणजे सगळं मीटरवर, म्हणजे उजेड मोजून एक्स्पोजर ठरवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या यंत्रणेवर, सोडणं. फ्रेममध्ये काळा कातळ जास्त असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि ढग जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ वर न्या, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ठेवा, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. सावलीतला तपशील नंतर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उचलता येतो, उडालेल्या ढगात मात्र उचलायला काही उरतच नाही. फक्त भीतीपोटी फोटो फार काळा काढू नका. सावली खेचताना कातळावर रंगीत रवा उठतो.

एकाच दृश्याचे उणे २, शून्य, अधिक २ एक्स्पोजरचे तीन फोटो एकमेकांवर ठेवून एक करणं चांगलंच, पण वारा असेल तर गवताची दोन-दोन पाती दिसतात. एडिटिंगमध्ये स्लायडर टोकाला नेऊन डोंगराच्या कडेला पांढरी झालर उठलेले फोटो तर बघवत नाहीत.

फिल्टरचंही तसंच. अर्धा काळा ग्रॅज्युएटेड फिल्टर समुद्राच्या सरळ क्षितिजावर बसतो; गडावर लावला तर सुळक्याचं डोकं काळं पडतं. पोलरायझर (चकाकी कमी करून आभाळ गडद करणारा फिल्टर) सूर्याशी काटकोनात उभं राहिल्यावर जास्त चालतो, पण वाइड लेन्सवर आभाळाच्या मधोमध गडद निळा डाग पाडतो.

पावसाळ्यात सह्याद्रीवर सगळं आभाळच दुधाळ असतं. त्यात वाचवण्यासारखं काही नसतं, तेव्हा सरळ फ्रेमबाहेर काढा. पोलरायझर इथे कामाला येतो, ओल्या पानांवरची चकाकी गेली की हिरवा रंग खुलतो.

मोबाइलवाल्यांनी ढगावर बोट दाबून धरायचं, फोकस-एक्स्पोजर लॉक झालं की बोट खाली ओढायचं. बहुतेक फोनमध्ये एवढ्यावर ढगांचे कंगोरे परत येतात.