सॅनफर्डला उतरून डिस्नेच्या हॉटेलात कसं पोचावं

सिनसिनाटी, ग्रँड रॅपिड्स, दे मॉइनसारख्या गावांतून थेट आणि स्वस्त विमान मिळतंय म्हणून अलीजियंटचं तिकीट काढलंत, छान केलंत. पण तिकिटावर ‘ओरलँडो’ लिहिलेलं असलं तरी तुम्ही उतरणार आहात सॅनफर्डला. कोड एसएफबी. ओरलँडोच्या ईशान्येला, नौदलाच्या पूर्वीच्या तळावरचा हा आटोपशीर विमानतळ. डिस्ने वर्ल्ड ओरलँडोच्या नैऋत्येला, म्हणजे अगदी उलट टोकाला. मधे साधारण ४० मैल.

व्हॉट्सअॅपवर विचारलंत की कोणीतरी हमखास सांगतं, ‘अहो, डिस्नेची फुकट बस असते ना!’ ती मॅजिकल एक्सप्रेस २०२२च्या सुरुवातीला बंद झाली, आणि चालू होती तेव्हाही फक्त ओरलँडोच्या मोठ्या विमानतळावरून, एमसीओवरून सुटायची. ब्राइटलाइन ट्रेनचं स्टेशनही एमसीओलाच आहे. सनरेल ही लोकल ट्रेन सॅनफर्ड गावात थांबते, विमानतळावर नाही. शनिवार-रविवारी ती धावत नाही आणि डिस्नेपर्यंत जातही नाही. तेव्हा रस्त्याने जायचं, एवढं पक्कं धरा.

दोघंच असाल, हातात दोन बॅगा असतील आणि विमान भरदिवसा उतरत असेल तर उबर किंवा लिफ्ट बोलवा आणि हा लेख इथेच सोडा. मुलं आणि भारतातून आलेले आईबाबा बरोबर असतील तर मात्र आधी गाडी ठरवून ठेवा. रात्री उशिरा उतरून मोठी गाडी शोधत बसायची ही जागा नाही.

गाडी ठरवताना लोक भाव बघतात आणि बाकी फॉर्म घाईघाईत भरतात. घोळ सगळा त्या फॉर्ममध्येच होतो. विमानतळाच्या रकान्यात ‘ओरलँडो’ टाइप केलं की बहुतेक ठिकाणी पहिला पर्याय येतो ओरलँडो इंटरनॅशनल, म्हणजे एमसीओ. सॅनफर्डचं पूर्ण नाव ओरलँडो सॅनफर्ड इंटरनॅशनल. घाईत दोन्ही सारखीच दिसतात, आणि दोन्हींच्या मधे तीसेक मैलांचं अंतर आहे. आमच्या नणंदेचं कुटुंब एसएफबीच्या दारात उभं होतं आणि ड्रायव्हर एमसीओवर त्यांच्या नावाची पाटी धरून. पैसे परत मिळाले नाहीत, कारण ईमेलमध्ये पिकअपपुढे एमसीओच छापलेलं होतं. म्हणून कन्फर्मेशन आलं की पिकअपची ओळ डोळ्यांनी वाचा, आणि एसएफबी ही तीन अक्षरं दिसेपर्यंत फोन खाली ठेवू नका. त्याच ईमेलमध्ये विमानाचा क्रमांक आहे ना, तेही बघा. विमान उशिरा आलं तर ड्रायव्हर किती वेळ थांबेल आणि त्यापुढे काय आकारेल, हे लेखी घ्या. ‘वी ट्रॅक युवर फ्लाइट’ एवढ्या आश्वासनावर जाऊ नका.

दुसरा घोळ हॉटेलच्या नावाचा. नुसतं ‘डिस्ने हॉटेल’ लिहून काहीही कळत नाही. डिस्नेची स्वतःचीच पंचवीसहून जास्त हॉटेलं तिथे पसरलेली आहेत. ऑल-स्टार तीन आहेत: मूव्हीज, म्युझिक आणि स्पोर्ट्स. पोर्ट ऑर्लीन्स दोन: फ्रेंच क्वार्टर आणि रिव्हरसाइड. बुकिंगवर जसं आहे तसं पूर्ण नाव आणि पत्ता टाका.

तिसरा, गाडीचा आकार. ‘सहा सीटची एसयूव्ही’ हे सहा माणसांचं गणित आहे, सहा बॅगांचं नाही. मागची रांग उभी केली की तिच्यामागे दोन केबिन बॅगा कशाबशा मावतात, आणि आईची लोणच्या-चिवड्याची मोठी बॅग कोणाच्या तरी मांडीवर जाते. चार मोठी, दोन मुलं आणि भारतातलं सामान असेल तर सरळ पॅसेंजर व्हॅन मागा. भाव माणशी आहे की गाडीमागे, टोल आणि टिप त्यात धरलेत का, हेही विचारा. टिप धरलेली नसेल तर इथे १५ ते २० टक्के द्यायची पद्धत आहे.

मुलांची सीट हा विषय ‘बघू तिथे’ म्हणून सोडू नका. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कार सीट किंवा बूस्टर लागतं, आणि भाड्याच्या गाडीत त्याची जबाबदारी ड्रायव्हरवर नाही, आईवडिलांवर येते. कंपनी सीट देते म्हणाली तर मुलाचं वय आणि वजन कळवून बुकिंगवर लिहून घ्या. मी मात्र घरचीच न्या म्हणेन. अलीजियंट कार सीट फुकट चेक-इन करून देते आणि घरच्या सीटचे पट्टे तुम्हाला अंधारातही लावता येतात.

स्वतः गाडी चालवायची असेल तर ४१७ घ्या. हा टोल रस्ता शहराला पूर्वेकडून वळसा घालून डिस्नेच्या जवळ आणून सोडतो. जीपीएसमध्ये ‘अव्हॉइड टोल्स’ चालू राहिलं तर ते तुम्हाला आय-४ या हायवेवरून डाउनटाउनच्या गर्दीत घालेल, आणि वाचलेल्या डॉलरांपेक्षा पोरांची भूक महाग पडेल. रेंटल कंपनीचा टोल प्लॅन रोजचं शुल्क लावू शकतो, तेव्हा सही करण्याआधी अटी वाचा. व्हिजिटर टोल पास एमसीओवर मिळतो, त्याच्या भरवशावर सॅनफर्डला उतरू नका. पब्लिक्स या सुपरमार्केटमध्ये सनपास हा टोलचा टॅग मिळतो तो घ्या, आणि गाडीचा नंबर त्याच्या खात्यावर घालून गाडी परत देताना आठवणीने काढून टाका. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्किंग फुकट आहे. पण पार्कात जायला हॉटेलच्या बसेसही फुकटच आहेत, त्यामुळे फक्त डिस्नेच करणार असाल तर आठवडाभर गाडी उभी ठेवण्यात अर्थ नाही.

उतरल्यावरचं काम सोपं आहे: बॅगा घ्या, बाहेर या, ड्रायव्हरला फोन करा. वाटेत दूध, दही, ब्रेड घ्यायला थांबायचं असेल तर ते आधी ठरवा. काही कंपन्या वीसेक मिनिटं फुकट थांबतात. खोल्या साधारण तीन वाजता मिळतात. त्याआधी पोचलात तर सामान हॉटेलच्या बेल सर्व्हिसेसकडे ठेवून पार्कात जा.

परतीची गाडी जातानाच ठरवा, आणि त्या फॉर्ममध्येही एसएफबी पुन्हा तपासा. जाताना बरोबर भरलेलं असलं तरी येताना रकाना परत एमसीओवर गेलेला असू शकतो. विमान सुटण्याच्या साडेतीन तास आधी हॉटेल सोडा. हे टोकाचं वाटेल, पण अलीजियंटची बरीचशी विमानं रोज उडत नाहीत, काही गावांना आठवड्यातून दोनदाच. सकाळी चुकलं तर संध्याकाळचं मिळेल अशी सोय नसते. आणि ड्रायव्हर वाटेत ‘एअरपोर्ट’ असं नुसतंच म्हणाला तर त्याला तिथल्या तिथे विचारा, कुठला? ४१७ वर एमसीओचा फाटा सॅनफर्डच्या बराच आधी लागतो.