मटणाच्या शेळ्यांची हंगामी पैदास: या चुका टाळा

बोकड वर्षभर कळपात मोकळा ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि सगळ्यात जास्त हीच होते. कोणती शेळी कधी भरली हे कळत नाही, म्हणून विण्याची तारीख नसते. तारीख नाही, म्हणून शेवटच्या दीड महिन्यातला वाढीव खुराक राहतो आणि विण्याआधी तीन-चार आठवडे द्यायची आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणाऱ्या रोगाची) लसही राहते. करडं बारा महिने जन्मत राहतात, विक्रीला एकसारखी तुकडी कधीच तयार होत नाही. त्यात अंगानं न भरलेल्या पाटीही (अजून न व्यायलेल्या तरुण शेळ्या) गाभण जातात.

बोकड वेगळाच ठेवा. चारा भरपूर असेल तो महिना विण्यासाठी ठरवा आणि तिथून १५० दिवस मागं मोजा. विषुववृत्तापासून लांब शेळ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात. जवळच्या पट्ट्यात त्या वर्षभर येऊ शकतात, तिथं चाराच हंगाम ठरवतो. भरवण्याआधी निदान महिनाभर बोकडाचं दर्शन नको, वासही नको. मग एकदम आत सोडला की बऱ्याच शेळ्या आठ-दहा दिवसांत माज दाखवतात. मात्र पहिला माज पुष्कळदा मुका, म्हणजे बाहेरून न दिसणारा असतो, किंवा पाच-सात दिवसांतच पुन्हा माज येतो. उतावळे लोक नेमके इथं चुकतात: चौथ्या दिवशी "बोकड कामाचा नाही" म्हणून बदलतात. माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं, म्हणून बोकड ४५ दिवस ठेवा म्हणजे प्रत्येक शेळीला दोन संधी मिळतात. त्यानंतर बाहेर काढा, एखादी राहिली तरी.

दुसरी मोठी चूक म्हणजे बोकड न तपासणं. त्यातून हंगाम कसा जातो ते पाहा. बोकडाला महिन्यापूर्वी ताप येऊन गेलेला असतो. आता तो खातो, उड्या मारतो, शेळ्यांवर चढतो, मालक निश्चिंत. तीन आठवड्यांनी शेळ्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. "होतं असं" म्हणून पुढचे तीन आठवडेही जातात, पुन्हा उलटतात. शेवटी दोष शेळ्यांवर येतो आणि चांगल्या शेळ्या विकल्या जातात. खरं कारण साधं आहे. वीर्य तयार होऊन बाहेर येईपर्यंत जवळजवळ दोन महिने लागतात, त्यामुळे तापाचा किंवा कडक उन्हाचा फटका आठवड्यांनी दिसतो आणि बोकडाची उमेद पाहून काहीच कळत नाही. हंगामाच्या दोन महिने आधी वाढलेले खूर कापा, जंत पाहा, अंडं (वृषणं) चाचपा. दोन्ही सारखी आणि टणक हवीत, गाठ नको. शंका आली तर पशुवैद्यकाकडून वीर्य तपासून घ्या.

रंग लावायचा कंटाळा करू नका. रंगाची भुकटी तेलात कालवून बोकडाच्या छातीला रोज सकाळी लावा, चढलेल्या शेळीच्या पाठीमागं खूण उमटते. दर १७ दिवसांनी, म्हणजे पुढचा माज येण्याआधी, रंग बदला, फिक्याकडून गडदाकडे. दुसऱ्या रंगाच्या खुणा दोन-चार शेळ्यांवर असतील तर त्या शेळ्या पाहा. जवळजवळ सगळ्यांवर असतील तर बोकड त्याच दिवशी बदला. या खुणांची वही ठेवायची तयारी नसेल, तर हंगामी पैदास करायला घेऊ नये असं स्पष्ट मत आहे.

खुराकाचं औषधासारखं खूळ नको. भरवण्याआधी दोन आठवडे आणि नंतर तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम धान्य बेताच्या अंगाच्या शेळीला लागू पडतं, जुळ्यांची शक्यता वाढते. कण्यावर हात ठेवा: हाडं बोटांना टोचत असतील तर हे फार उशिरा सुचलं, आणि मणका लागतच नसेल तर धान्य वाया. एकदम पूर्ण माप घालू नका, पोटात आम्ल होऊन शेळी दगावते.

पूर्ण वाढीच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के होईपर्यंत पाट भरवू नये. प्रौढ बोकडाला २५ शेळ्या पुरे, वर्षाच्या आतल्याला १० ते १५. नर करडं तीन महिन्यांची झाली की वेगळी. बोकडाच्या स्वतःच्या लेकी भरवायच्या वयाला येण्याआधी तो बदला.

गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भात व्यंग येऊ शकतं. त्याच महिन्यात लांबची वाहतूक आणि कळपांची अदलाबदलही टाळा. बोकड काढल्यावर ३५ दिवसांनी सोनोग्राफी करून घ्या आणि रिकाम्या शेळ्या त्याच दिवशी वेगळ्या बांधा.